डोंग्याचं शिंग

१

नंदनवन वस्तीतल्या शेडमध्ये बचाव पथकाची होडी चिखलाने माखून पडली होती. तिच्या मागच्या अंगाला जिथे अँटेना असायची, तिथे आता वीतभर खुंट उरला होता. भैय्याजींनी त्या खुंटाकडे बोट केलं आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की चंद्रभान गेला तो ह्याच्यामुळे.

"आमची दीक्षा बेटा शिकलेली आहे," ते म्हणाले. "महिनाभर घोकून तिनं यंदा ही अँटेना निवडली. मजबूत आहे म्हणे. पाह्यली न मजबुती?"

दीक्षा दारात उभी होती. ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि पुराच्या दिवसांत या बचाव पथकाचं वायरलेस सांभाळायची. पथक भैय्याजींचं. होडीवर नाव त्यांचं, बॅनरवर फोटो त्यांचा, आणि पाण्यात जायला मात्र चंद्रभान ढिवर. नदीकाठी जन्मलेला हा माणूस सुकाणू धरायचा, होडीला डोंगा म्हणायचा आणि अँटेनाला डोंग्याचं शिंग.

पोळ्याच्या दिवशी दुपारी कन्हान नदीला पूर आला. छपरांवर अडकलेल्या लोकांना आणायला चंद्रभान आणि पथकातला पोरगा पियुष होडी घेऊन गेले. दीक्षा दूर टेकाडावर जीपमध्ये वायरलेस घेऊन बसली होती, कारण मोबाईलला रेंज होती ती तिथेच. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असल्याचा निरोप तिला वेळेवर मिळाला. तो तिने होडीला सांगितला, मग ओरडून सांगितला, मग घसा बसेस्तोवर सांगत राहिली. पलीकडून नुसती खरखर आली. लोंढा आला तेव्हा होडी नदीच्या मधोमध होती. पियुष वाचला, चंद्रभान दुसऱ्या दिवशी सापडला.

त्याच दिवशी शहराने मारबतीचे पुतळे मिरवून आपली ईडा-पीडा वेशीबाहेर घालवली. ती सगळी आपल्याच दारात आणून टाकलीय, असं दीक्षाला तेव्हापासून वाटत होतं.

कोपऱ्यात चंद्रभानची बायको बायजाबाई बसली होती. ती रडत नव्हती. दीक्षाकडे पाहून ती एवढंच म्हणाली, "माह्या दारात येऊ नको वं, पोरी."

भैय्याजींनी पुढचंही ठरवून टाकलं होतं. तेरवीच्या पंगतीत दीक्षाला पथकातून काढल्याचं जाहीर करायचं आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांत तिच्या नावाने तक्रार द्यायची. नोकरीचं काय होईल हे दीक्षाला कळत होतं. पण तिचं काळीज जळत होतं ते बायजाबाईच्या त्या एका वाक्याने.

दुकानदाराला जाब विचारते असं सांगून तिने तो खुंट पकडपट्टीसकट सोडवून घेतला. इतक्या लोकांदेखत भैय्याजी नाही म्हणू शकले नाहीत. "ने," ते म्हणाले, "लोणचं घाल त्याचं."

खुंटाच्या तुटक्या कडेवरून तिने सहज अंगठा फिरवला, आणि तिचा हात थांबला. अर्धी कड कुसळासारखी टोचत होती. उरलेली अर्धी काचेसारखी गुळगुळीत होती.

२

सदर भागातलं जितेंद्रचं दुकान रेडिओ, वायरलेस आणि असल्याच सामानाने छतापर्यंत भरलेलं असायचं. दीक्षाने खुंट त्याच्या काउंटरवर आपटला आणि विचारलं, की नकली माल गळ्यात मारलास का.

जितेंद्रही काही थंड डोक्याचा नव्हता. पथकात काय झालं ते त्याच्या कानावर आलं होतं, आणि गिऱ्हाइकं येऊन टोमणे मारून जात होती. तो उलट तिच्यावरच उखडला. ही अँटेना घेताना तिने त्याला किती छळलं होतं ते तिला आठवतं का, असं त्याने विचारलं.

तिला आठवत होतं. भैय्याजींना हवी होती लांबलचक स्टीलची काडी, लाल दिव्याच्या गाड्यांवर असते तशी चमकणारी. दीक्षाने ती हातात घेऊन वाकवली आणि ती वाकलेलीच राहिली. दुसरीचं बूड प्लास्टिकचं होतं, एका उन्हाळ्यात तडकलं असतं. तिसरीच्या सांध्यातून पाणी आत गेलं असतं. शेवटी तिने जाड फायबरची निवडली, आत पितळ, बुडाशी स्टील, सांधा पक्का बंद. होडीवर बसवल्यावर तिने पियुषला अँटेनाला लोंबकळायला लावलं होतं. अँटेना वाकली, पियुष उतरला तशी पुन्हा ताठ झाली. चंद्रभान तेव्हा हसून म्हणाला होता, की शिंग तं बैलाच्यापेक्षा भारी आहे.

त्याच दिवशी भैय्याजी आपल्या नावाची पत्र्याची पाटी घेऊन आले होते. अँटेनाला बांधली तर लांबून दिसेल असा त्यांचा बेत होता. चंद्रभान आणि पियुष तोवर घरी गेले होते. दीक्षाने अँटेना बसवायला आलेल्या जितेंद्रसमोरच त्यांना बजावलं, की धातूचं काहीही ह्याला लावायचं नाही, आवाज मरतो. भैय्याजी फुगून बसले आणि पाटी शेवटी इंजिनाजवळ ठोकली गेली.

जितेंद्रने खुंट दिव्याखाली धरला. पकडपट्टीचे स्क्रू ढिले केले, तसा आतून एक सोनेरी कपटा काउंटरवर पडला. कचरा समजून त्याने तो फुंकर मारून उडवला आणि खुंटाचं अंग चाचपून कपाळाला आठ्या घातल्या. "चिकट काय आहे हे? डिंक लावला का कोणी?"

पण त्याचं लक्ष कडेवरच खिळलं होतं. त्याने हत्यारांच्या खणातून लोखंड कापायची आरी काढली आणि तिचं पातं त्या गुळगुळीत कडेला लावून दाखवलं. पात्याच्या रेघा आणि कडेवरच्या रेघा एकसारख्या होत्या.

"ही तुटली नाही गा मॅडम," तो म्हणाला. एरवी पुरुषांना म्हणायचं ते गा तो बाईमाणसाला चुकूनही म्हणत नसे. "अर्धी कापली, अन् मंग मोडली."

३

राग आला की दीक्षाला घाम फुटायचा. दवाखान्याचा जिना चढताना तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता. कोणीतरी अँटेना कापून होडी नदीत पाठवली, म्हणजे हा सरळसरळ खून होता, आणि होडी शेवटपर्यंत ज्याच्या हाताखाली होती तो पियुष होता.

पियुष खाटेवर पडून छताकडे पाहत होता. तिला पाहताच त्याने तोंड फिरवलं. तिला काही विचारायचा हक्क नाही, असं तो भिंतीकडे बघून म्हणाला. चंद्रभानकाका त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. होडीत दोघेच होते आणि दोघांपैकी पोहायला जास्त येत होतं ते काकांना, तरी वाचला तो, हे त्याला गिळवत नव्हतं.

दीक्षाने त्याची समजूत घातली नाही. ती स्वतःच इतकी पेटलेली होती की गोड बोलणं तिला जमलं नसतं. तिने विचारलं, वायरलेस कधी बंद पडलं.

"बंद कुठं पडलं? डोंगा पाण्यात टाकला तेव्हापासूनच खरखर करून राहिला होता. काका म्हणे, असन पुराचा परिणाम."

"सकाळी मी तपासलं तेव्हा ठणठणीत होतं. शेडमधून माझ्या घरापर्यंत, पार मनीषनगरपर्यंत, काकांचा आवाज खणखणीत आला होता."

"मले काय मालूम मंग. लोंढा आला, डोंगा कलंडला अन् बाभळीत अटकला. मी त्याच शिंगाले धरून होतो, दोरी येईपर्यंत."

दीक्षा खाटेच्या कडेवर बसली. तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं. कोणत्या शिंगाला? अँटेनाला? पूर्ण अँटेनाला?

"अख्खी होती न ताई. बुडाशी धरून लोंबकळलो होतो मी. तिनंच वाचवलं मले." तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच आता ऐकू आलं. "भैय्याजी तं म्हणते की ती सुरुवातीलेच तुटली."

"हे तू कोणाला सांगितलं का?"

"कोणी विचारलंच नाही. सगळे येते, फळं ठेवते, अन् रडून चालले जाते."

म्हणजे आरी चालली ती पुरानंतर, होडी नदीतून निघाल्यावर. चंद्रभानला अँटेना कापून कोणी मारलं नव्हतं. पण मग धडधाकट अँटेना मुकी कशाने झाली, आणि मेलेल्या माणसाच्या होडीवर आरी चालवायची गरज कोणाला पडली?

ती उठली तेव्हा पियुषने पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला. त्याच्या दोन्ही तळहातांवर पातळ पातळ चिरा होत्या, पात्याने काढाव्यात तशा. दोरीचे वळ असे नसतात, आणि तिने निवडलेली अँटेना तर अंगाने तुळतुळीत होती.

४

नंदनवनमध्ये परत येईपर्यंत ती मनात सगळं उलटंपालटं करून पाहत होती. सकाळी आवाज चोख होता आणि दुपारी पाण्यात उतरताच मेला. मधे काय झालं? मधे पोळ्याची पूजा झाली. पथकाकडे बैल नव्हते, म्हणून दरवर्षी शेडमध्ये होडीचीच पूजा व्हायची. दीक्षाच्या घरात धम्म आजोबांपासून आलेला, पूजेला ती कधी जात नसे आणि त्याबद्दल कोणी तिला कधी काही बोललंही नव्हतं. त्या दिवशी सकाळी होडी पाहून ती घरी गेली, आवाज घरूनच तपासला आणि पुराचा फोन आला तशी तिथून थेट टेकाडावर पोचली. त्यामुळे पूजेनंतरची होडी तिने पाहिलीच नव्हती.

तिने चालता चालता पथकाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. भैय्याजींना शिंक आली तरी तिचा फोटो ग्रुपवर पडायचा. गुढीपाडव्याचे फोटो होते, नारळ फोडतानाचे होते, मागच्या पोळ्याचे तर पोतंभर होते. या पोळ्याचा एकही नव्हता.

चंद्रभानच्या गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या ओट्यावर पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी अजून तसाच उभा होता. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, कपाळाला बाशिंग. दीक्षा त्याच्यासमोर थबकली. त्याची शिंगं उन्हात सोनेरी चमकत होती, कारण त्यांना बुडापासून टोकापर्यंत बेगड गुंडाळलेली होती.

जितेंद्रने फुंकरीने उडवलेला कपटा तिला आठवला. खुंटावरचा डिंक आठवला, पियुषच्या हातावरच्या चिरा आठवल्या. आणि चंद्रभानचा तो शब्द आठवला, जो तो लाडाने रोज वापरायचा आणि ती रोज हसून सोडून द्यायची.

तिने नंदीच्या शिंगाला हात लावला. आजकाल मिळते ती प्लास्टिकची पातळ बेगड होती ती. पण चंद्रभानला असली चालली नसती. डोंग्याच्या शिंगाला त्याने जुन्या पद्धतीची, पत्र्याची खरी बेगडच आणली असणार.

अँटेनाला पार बुडाच्या स्टीलपर्यंत धातू गुंडाळला, की तिचं तोंड बांधल्यासारखंच होतं. आत कितीही ओरडा.

५

भैय्याजी शेडमध्ये एकटेच होते, तेरवीच्या भाषणाचा कागद हातात घेऊन. दीक्षाने खुंट त्यांच्यासमोर ठेवला आणि बेगड कुठे टाकली ते विचारलं.

कसली बेगड, असं ते म्हणाले, पण म्हणायला त्यांना जरा वेळच लागला.

मग दीक्षा बोलली, आणि महिनाभर वर्गात शिकवताना लागत नाही इतका तिचा आवाज चढला. होडी बाभळीतून सोडवून आणली ती त्यांनी. शेडची किल्ली त्यांच्याकडे. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरत होती. पूजेला असलेल्या प्रत्येकाने ती बेगड पाहिली होती आणि कोणालाच तिचं काही वाटलं नव्हतं. ज्याला ती नुसती शोभा वाटते, तो ती काढून फेकेल कशाला? बेगड तोच काढेल, ज्याला ठाऊक आहे की तिने आवाज मारला. ते ठाऊक होतं तिघांना. एक ती, जिने पूजेनंतर होडी पाहिलीच नव्हती. दुसरा जितेंद्र, ज्याने अँटेना बसवल्यापासून नंदनवनात पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. आणि तिसरे ते, ज्यांना तिने पाटी बांधताना तोंडावर सांगितलं होतं.

"नुसती बेगड काढून भागलं नसतं," ती म्हणाली. "अँटेना चांगलीच निघाली असती, मंग लोकांनी विचारलं असतं की आवाज काहून गेला. म्हणून तुम्ही आरी घेतली."

भैय्याजींनी कागदाची घडी केली. त्यांना घाम फुटला नाही, उलट त्यांचा चेहरा सैल झाला, ओझं उतरल्यासारखा. त्या दिवशी आपल्या ध्यानातच आलं नाही, असं ते म्हणाले. सगळे खुशीत होते, फोटो निघत होते. पूर येईल हे कोणाच्या बापाला माहीत होतं.

"ध्यानात नाही आलं, ही चूक झाली. आरी चालवली ती चूक नाही. तुम्ही माझ्या गळ्यात माणूस बांधला."

"बेटा, बस. ऐक." त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा तिला शिवीपेक्षा झोंबला. "ती बेगड कोनं गुंडाळली, विचारलं का तू? बायजाबाईनं. घरची लक्ष्मीच शिंगाले बेगड लावते. चंद्रभाननं हौसेनं आणली अन् तिनं आपल्या हातानं, एक सुरकुती न ठेवता, बुडापासून शेंड्यापर्यंत लावली. आता जाय, सांग तिले. तुह्या नावावर गेलं तं लोक दोन वर्षांत विसरतीन. तिच्या नावावर गेलं तं ती जगन का?"

दीक्षाने खुंट उचलून घेतला. हा माणूस स्वतःला वाचवत होता आणि त्यासाठी एका विधवेच्या पदराआड लपत होता. पण तो बोलला ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या तोंडात मारावंसं तिला वाटलं.

६

तेरवीची पंगत चंद्रभानच्या दारासमोर मांडवात बसली होती. पत्रावळी वाढून झाल्या होत्या. भैय्याजी पंगतीच्या मधोमध बसले होते, आणि भाषण त्यांनी पहिल्या घासाआधीच उरकलं होतं. चंद्रभान वाघ होता, पण निष्काळजीपणाने त्याचा घात केला, आणि त्या निष्काळजीपणाला पथकात जागा नाही.

दीक्षा मांडवात आली. तिला बसा कोणी म्हटलं नाही. तिने खुंट वर धरला आणि सांगितलं, की ही अँटेना पुरात तुटलेली नाही, पियुष तिलाच धरून वाचला, आणि मागून ती आरीने कापली आहे.

कोणी कापली, असं दोघा-तिघांनी विचारलं. कायले कापली, असं एकाने विचारलं. दीक्षाने बायजाबाईकडे पाहिलं आणि वर धरलेला खुंट खाली घेतला. भैय्याजी भाताचा घास कालवत होते. ही बोलणार नाही, हे त्यांनी ताडलं होतं.

बायजाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "शिंगाले काय झालं होतं, पोरी? खरं सांग. तुह्या तोंडावर दिसून राहिलं की तुले मालूम आहे."

माणूस तिचा गेला होता. तिला काय सोसेल आणि काय नाही हे भैय्याजींनी ठरवायचं, आणि दीक्षानेही ते निमूट ऐकायचं, हे कोणत्या न्यायाने? दीक्षाने सांगितलं. बेगडीचं सांगितलं, धातूने आवाज कसा अडतो ते सांगितलं, धरणाचा निरोप आपण किती वेळ ओरडत होतो तेही सांगितलं. काही वगळलं नाही.

बायजाबाईने आपले दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हंजे मीच," ती म्हणाली.

"नाही काकू. तुम्हाले कोणी सांगितलंच नव्हतं. ज्याले सांगितलं होतं, तो तुमच्या दारात बसून जेवून राहिला."

बायजाबाई उंबरा उतरून पंगतीत आली. तिची चाल संथ होती. भैय्याजींसमोर ती उभी राहिली तेव्हा त्यांचा हात पत्रावळीवरच थांबला.

"तुमी तिथंच उभे होते न, भैय्याजी. मी गुंडाळत होती, तवा. तुमीच म्हनलं, जरा हसा बाई, फोटो काढतो."

भैय्याजी काहीतरी पुटपुटले. ध्यानात नाही आलं, असंच काहीसं होतं ते.

"अन् मंग ध्यानात आलं तं आरी घेतली. मले नाही सांगतलं. मले म्हनलं की पोरीनं मारला. मी तिले दार बंद केलं." तिचा आवाज आता थरथरत होता, पण तो दुःखाने नव्हता. "एवढंच म्हनाचं होतं तवा, बाई, याले बेगड नको लावू. मी नसती लावली."

पंगतीतून माणूस उठवू नये म्हणतात, आणि तेरवीच्या पंगतीतून तर शत्रूलाही उठवत नाहीत. बायजाबाई वाकली, भैय्याजींच्या समोरची वाढलेली पत्रावळ तिने दोन्ही हातांनी उचलली, आणि मांडवाबाहेर उकिरड्यावर नेऊन उलटी केली. भैय्याजी उष्ट्या हाताने उठले. त्यांना थांबा म्हणायला कोणीही उठलं नाही.

हात धुऊन ती परत आली आणि दीक्षाच्या हातातला खुंट तिने घेतला. कापलेल्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. दीक्षाला वाटलं आता ती रडेल, पण तिने तिला रिकाम्या जागेवर बसायला सांगितलं आणि नवी पत्रावळ मागवली.

"डोंगा तं पुन्हा पाण्यात जाईन," ती वाढता वाढता म्हणाली. "आता कोणतं शिंग लावसान त्याले?"

"तेच, काकू," दीक्षा म्हणाली. "ते तुटत नाही."